चाड्यावरची मूठ, बासरीवरची बोटं

काशीत राजा घाटावर बसलो होतो. फेब्रुवारीतली उतरती दुपार. मागं पेशव्यांच्या वाड्याची उंच दगडी भिंत, पुढं संथ गंगा आणि कानात जेथ्रो टल या इंग्लिश बँडचं पन्नास वर्षांपूर्वीचं संगीत. नारद घाटाच्या बाजूनं एक म्हातारा बासरीवाला चालत आला. खांद्यावर लांब बांबू, त्याच्या शेंड्याला साळिंदराच्या काट्यांसारख्या चहूबाजूंनी खोचलेल्या बासऱ्या. माझ्याखाली दोन पायऱ्या सोडून तो टेकला. माल पीलीभीतचा आहे म्हणाला. ते खरंच असणार. उत्तर प्रदेशातलं पीलीभीत बासऱ्यांसाठीच ओळखलं जातं आणि तिथं लागणारा बांबू येतो पार आसामातल्या सिल्चरकडून. त्यानं एक धून वाजवून दाखवली, मग माझ्या कानातल्या वायरीकडं बोट दाखवून विचारलं, "क्या सुन रहे हो, भइया?" मी एक इअरफोन त्याच्या हातात दिला. नेमकी बासरीची जागा चालू होती.

त्यानं डोळे मिटले. मिनिटभर ऐकलं. मग म्हणाला, "ये आदमी बजाते-बजाते बोल रहा है. फूँक में गला मिला रहा है."

कॉलेजपासून मी हे संगीत ऐकत आलोय. या बासरीच्या सुराला एक खरखर आहे, मधूनच कुणी धापा टाकत पुटपुटल्यासारखं होतं, हे मला जाणवायचं. पण ते कशामुळं होतं, हे मला वाचून कळलं होतं. या माणसाला ते फुंकरीवरून कळलं, तेही जन्मात पहिल्यांदा ऐकताना. आपल्याकडं रॉक म्हटलं की कानठळ्या, असं समजून जी माणसं दार लावून घेतात, त्यांनी निदान या एका बँडपुरतं तरी ते किलकिलं करावं असं मला फार वाटतं. कारण हे संगीत आपल्या कानाला वाटतं त्याहून पुष्कळ जवळचं आहे.

सुरुवात नावापासून करावी लागेल, कारण हे नाव एका शेतकऱ्याचं आहे. खरा जेथ्रो टल १६७४ साली इंग्लंडमधल्या बर्कशरमध्ये जन्मला आणि १७४१ साली वारला. लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यानं वकिलीचं शिक्षण घेतलं होतं, पण रमला तो शेतीत. त्या काळी इंग्लंडात बी हातानं फोकायचे. मूठ भरायची, झोकायची, पडेल तिथं पडेल. बरंचसं पाखरं खायची, काही दाट उगवायचं, काही वायाच जायचं. टलनं १७०१ च्या सुमारास घोड्यानं ओढायचं एक यंत्र तयार केलं. ते एका वेळी तीन ओळींत, ठरावीक खोलीवर, ठरावीक अंतरानं बी सोडायचं.

तीन ओळी म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढं काय उभं राहील ते सांगायला नको. तिफण! तीन फण, प्रत्येक फणामागं पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर जिथं एकत्र येतात ते लाकडी चाडं. माझी आजी चाड्यावर मूठ धरायची. पदराच्या ओटीत ज्वारीचं बियाणं, डावा हात तिफणीवर, उजव्या मुठीतून बी चाड्यात. बैल चालायला लागले की तिची मूठ एका लयीत चालायची आणि त्या लयीत ओळ संपेपर्यंत खंड पडायचा नाही. किती दाणे सुटताहेत हे ती बघायची नाही, तिच्या बोटांच्या फटींना ते कळायचं. मूठ सैल पडली तर पीक दाट, घट्ट झाली तर विरळ. घरात ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस हॅलकॉट नावाच्या एका इंग्रज कॅप्टननं दक्षिण भारतात शेतकऱ्यांना अशाच अवजारानं पेरताना पाहिलं आणि त्याबद्दल विलायतेच्या कृषी मंडळाला कळवलं. पाभरीसारखं अवजार ही युरोपातली नवी युक्ती, अशी तोवर त्याची समजूत होती. इथं तर ते पूर्वापार चालत आलेलं. असं असलं तरी टलनं एक गोष्ट निश्चितच नवी केली. मुठीचं काम त्यानं यंत्राकडं दिलं, आणि ते कसं साधायचं हे त्याला चर्चमधल्या ऑर्गनवरून सुचलं. त्याला ऑर्गन वाजवता यायचा. ऑर्गनच्या फळीत हवेसाठी खाचा असतात, खाचेवर जीभ असते आणि ती दाबून धरायला स्प्रिंग. जीभ उघडली की हवा नळीत जाते आणि सूर निघतो. टलनं हवेच्या जागी बी घातलं. एका वाद्याच्या पोटातली कळ काढून त्यानं शेतात चालवली, आणि अडीचशेहून जास्त वर्षांनी त्याचं नाव पुन्हा वाद्यांकडं परत आलं.

ते आलं योगायोगानं. १९६७ च्या अखेरीस ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावातून काही पोरं लंडनच्या आसपास नशीब काढायला आली. त्यांचं वाजवणं क्लबवाल्यांना फारसं पसंत पडत नव्हतं, म्हणून दुसऱ्या खेपेला काम मिळावं यासाठी ती दर वेळी नवं नाव लावायची. कार्यक्रम ठरवून देणाऱ्या कचेरीतल्या कुणाला तरी इतिहास आवडायचा, त्यानं या खेपेला सुचवलं जेथ्रो टल. त्या नावाच्या वेळी क्लबनं परत बोलावलं आणि नाव चिकटलं. १९६८ च्या फेब्रुवारीत पहिली तबकडी निघाली, तीवर ते चुकून 'जेथ्रो टो' असं छापलं गेलं.

योगायोगाचं असलं तरी या नावाइतकं नेमकं नाव मला दुसरं सुचत नाही. साठच्या दशकातलं रॉक हे बरंचसं फोकलेल्या बियाण्यासारखं होतं. जोर भरपूर, तीन मिनिटांचं गाणं, धृपद, कडवं, धृपद, की संपलं. दशकाच्या शेवटाला इंग्लंडमधल्या काही मुलांना वाटायला लागलं की याच जोराला ओळीत पेरता येईल. गाणं वीस मिनिटांचं होऊ शकेल. त्यात एक सुरावट सुरुवातीला रुजवून तीच पंधरा मिनिटांनी वेगळ्या वाद्यावर उगवून आणता येईल. युरोपच्या सिंफनीची बांधणी, इंग्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यातली लोकगीतं, अमेरिकेतला जॅझ, हे सगळं एकाच वावरात घेता येईल. याला पुढं प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायला लागले. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, रेनेसान्स ही त्यातली ठळक नावं. रेनेसान्सनं पियानो आणि अ‍ॅनी हॅस्लमच्या स्वच्छ आवाजावर मोठमोठ्या रचना उभ्या केल्या. पण सिंफनीची बांधणी आणि मातीचा वास दोन्ही एकाच जागी, इतक्या पोटतिडिकीनं, मला टलमध्येच सापडतात.

त्याचं मोठं कारण म्हणजे ती बासरी. बँडचा म्होरक्या इअन अँडरसन १० ऑगस्ट १९४७ रोजी स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनला जन्मला. आधी तो गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनला ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की या वाटेनं आपण त्याच्यापर्यंत कधीच पोचणार नाही. १९६७ मध्ये त्यानं आपली गिटार दुकानदाराला देऊन टाकली आणि बदल्यात एक मायक्रोफोन आणि एक साधी, शिकाऊ मुलांसाठीची धातूची बासरी घेतली. कुणी गुरू नव्हता. काही महिन्यांत तो ती रंगमंचावर वाजवायला लागला.

त्याच्या कानात होता रोलंड कर्क हा अमेरिकन जॅझ वादक. कर्क अंध होता, एका वेळी दोन-तीन वाद्यं तोंडात धरून वाजवायचा, आणि बासरीत फुंकताना घशातून गुणगुणायचा. टलच्या १९६८ च्या पहिल्या अल्बमवर कर्कची एक रचनाच अँडरसननं वाजवली आहे. गुणगुणल्यानं काय होतं? बासरीत सूर निघतो तो फुंकर काठावर आपटून आतला हवेचा स्तंभ थरथरल्यामुळं. त्याच वेळी गळाही कंप पावला तर हवेत दोन कंपनं एकदम शिरतात. ती एकमेकांत घासतात, सूर फाटतो, त्याला दाणा येतो. शास्त्रीय बासरीत हा दोष मानतील. अँडरसनला तेच हवं होतं, कारण त्याच्या शेजारी बँडमधल्या मार्टिन बारची विजेवरची गिटार गुरगुरत असायची आणि चांदीच्या गुळगुळीत सुराचा तिच्यापुढं निभाव लागला नसता. बासरीवाल्या चाचांनी ओळखलं ते हेच. फुंकरीत गळा.

आपली बासरी आणि ती बासरी यांतला फरक मला त्या दिवशी पुन्हा नीट बघायला मिळाला, कारण चाचांनी त्यांची बासरी माझ्या हातात दिली. बांबूचं एक पेर, फुंकायला एक भोक, बोटांसाठी सहा. मध्ये काही नाही. बोटाची कातडी थेट हवेवर. बोट सरळ उचलायचं नाही, हळूच कलतं करायचं, म्हणजे सूर एका पायरीवरून दुसरीवर घसरत जातो. आपली मींड ही अशी बोटाच्या मांसात असते. युरोपातली आजची बासरी १८४७ साली थिओबाल्ड बोम या जर्मन कारागिरानं पक्की केली. धातूची नळी, मोठी भोकं आणि त्यांवर झाकणांची व तरफांची अख्खी यंत्रणा. त्यामुळं कोणताही सूर नेमका आणि मोठा निघतो, पण बोट आणि हवा यांच्यामध्ये यंत्र येतं. आजीची मूठ आणि टलचं यंत्र यांत जो फरक, तोच. अँडरसनच्या बासरीला बोटांनी जे देता येत नव्हतं ते त्यानं गळ्यातून दिलं, असं मला वाटतं.

गंमत पुढं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण कितीतरी सूर चुकीची बोटं ठेवून वाजवत आलोय. वय चाळिशीच्या पुढं, पंचवीस वर्षांची कारकीर्द, जगभर नाव. त्यानं बोटं नव्यानं घटवली. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची गोष्ट इथं हटकून आठवते. काशीच्याच भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडं ते बासरी शिकले, नाव मिळवलं, मुंबईला आले, आणि त्यानंतर अन्नपूर्णादेवींपुढं पुन्हा पहिल्यापासून शिष्य म्हणून बसले. बासरी हे वाद्य माणसाला असं परत पाटीवर बसवतं की काय कोण जाणे.

अँडरसनचं एका पायावर उभं राहून वाजवणं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा उगम बासरीत नाही. सुरुवातीला तो हार्मोनिका वाजवताना पाय उचलायचा. वर्तमानपत्रात छापून आलं की हा बासरी एका पायावर वाजवतो. मग लोक ते बघायला यायला लागले आणि त्याला तसं वाजवायला शिकावं लागलं. आपला मुरलीधरही एक पाय दुसऱ्यापुढं आडवा टाकून, मान-कंबर-गुडघ्यात वळून उभा असतो. दोन्ही पाय सारखे ठेवून उभा राहिलेला देव आपल्याकडं पंढरपूरला आहे, पण त्याच्या हातात बासरी नाही.

लयीकडं वळू. १९६९ साली टलचं 'लिव्हिंग इन द पास्ट' हे गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते पाच मात्रांत आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतेक सगळं चारांत, फार तर तीनांत चालतं. पाच म्हणजे त्यांच्या श्रोत्याला पायरी चुकल्यासारखं. आपल्याला झपतालाची सवय. दोन-तीन, दोन-तीन असा दहा मात्रांचा तो ताल आपण शाळकरी वयात हातावर मोजलेला असतो. या गाण्याची चाल उलटी, तीन-दोन अशी पडते. एकदा टाळी देऊन बघा, दुसऱ्या आवर्तनाला हात आपोआप बसतो. पुढं १९७६ साली आलेल्या त्यांच्या 'सॉल्स्टिस बेल्स'च्या गाण्यात सात मात्रा आहेत. तिथं रूपकाची ओळख कामाला येते. त्यांच्याकडचे समीक्षक या तालांना अवघड म्हणतात. आपल्या भजनी मंडळातला पखवाजवाला तसं म्हणणार नाही.

बाखची एक छोटी नृत्यरचना आहे, 'बूरे' नावाची, ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या मालिकेतली. १९६९ च्या 'स्टँड अप' अल्बमवर टलनं ती बासरी आणि बासवर घेतली. आधी जशीच्या तशी. मग लय थोडी झुलती होते, बासरी सुटते, धापा टाकते, बाखपासून लांब जाते, आणि शेवटाला पुन्हा मूळ ओळीवर येऊन बसते. बंदिश मांडून, विस्तार करून मुखड्यावर येण्याची सवय असलेल्या कानाला इथं समजावून सांगावं लागत नाही. मला कुणी विचारलं की टल कुठून ऐकायला घ्यावं, तर मी हीच रचना सांगतो.

मोठं काम १९७२ चं. 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'. आदल्या वर्षीच्या 'अ‍ॅक्वालंग'ला समीक्षकांनी एकाच कल्पनेभोवती विणलेला अल्बम म्हटलं. अँडरसनला ते पटलं नव्हतं. मग त्यानं ठरवलं की तसाच हवा असेल तर पूर्ण तसाच देऊ. सुमारे ४४ मिनिटांची एकच अखंड रचना. शब्द एका आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेचे, आणि तो मुलगाही बनवलेला. वेष्टन म्हणून बारा पानांचं छापील वर्तमानपत्र, त्यात गावच्या बातम्या, जाहिराती, कोडी. अमेरिकेत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला. आज ते अशक्य वाटतं.

मूळ तबकडीच्या एका बाजूवर बावीस-तेवीस मिनिटंच मावतात, म्हणून ही रचना मध्ये तोडावी लागली होती. श्रोत्यानं उठायचं, तबकडी उलटायची. आमच्या वसतिगृहात मात्र ती आली नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर, कुणाच्या तरी थोरल्या भावानं भरून दिलेली. त्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. अख्खी रचना एका बाजूवर बसली! अँडरसनला जे लंडनमध्ये अखंड छापता आलं नाही ते आम्ही पुण्यात, दहा-बारा जण दोन खाटांवर दाटीवाटीनं बसून, जवळजवळ अखंड ऐकलं. सुरुवातीला नुसती साधी गिटार आणि आवाज. दोन-तीन मिनिटं असं वाटतं की हे कुणी अंगणात बसून गातंय. मग ऑर्गन येतो, ड्रम येतात, लय बदलते, पुन्हा बदलते, आणि मधूनमधून ती अंगणातली सुरावट ओळखू येते, कधी बासरीत, कधी ऑर्गनमध्ये. अखेरीला सगळं विरून पुन्हा तोच एकटा आवाज. आपल्या ख्यालात एकच राग खोल खोल होत जातो. इथं एक बी वेगवेगळ्या मातीतून उगवत राहतं. सिंफनीची रीत ही अशी. एकदा हा फरक कळला की ती ४४ मिनिटं लांब वाटत नाहीत.

याच्या पुढच्या वर्षी आलेला 'अ पॅशन प्ले' मला स्वतःला जड वाटतो. त्यात ओळी इतक्या दाट पेरल्यात की पिकाला वाढायला जागा नाही. तंतुवाद्यांची योजना या साऱ्या वर्षांत डेव्हिड पामर करायचे. लंडनच्या संगीत अकादमीत शिकलेले हे संगीतकार, पुढं त्यांनी डी पामर हे नाव घेतलं. टलच्या संगीताला सिंफनीचं जे अंग आहे ते बरंचसं त्यांच्या लेखणीचं आहे.

आणि मग १९७७. 'साँग्स फ्रॉम द वुड'. इथं टल खेड्यात शिरलं. त्याच्या मागची हकिकत मला महत्त्वाची वाटते. अँडरसनला ब्रिटनमधल्या लोककथा-दंतकथांचं एक जाडजूड पुस्तक भेट मिळालं होतं, आणि तो स्वतः शहर सोडून गावाकडं राहायला गेला होता. त्यातून ही गाणी झाली. म्हणजे आजीकडून आलेली, जात्यावर ऐकलेली ही गाणी नव्हेत. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन किंवा स्टीलआय स्पॅनसारखे बँड खरोखरीची जुनी लोकगीतं शोधून विजेच्या वाद्यांवर वाजवायचे. अँडरसननं नवी गाणी लिहिली, जुनी वाटतील अशी. काही जाणकार त्याला यासाठी खोटं ठरवतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला मी ज्या पायऱ्यांवर बसलो होतो त्याच पुरेशा आहेत.

काशीच्या उत्तरेचा राजघाट वेगळा. हा राजा घाट दशाश्वमेधाच्या दक्षिणेला, नारद घाट आणि पांडेय घाट यांच्या मधला. याला पूर्वी अमृतराव घाट म्हणत. अमृतराव हा रघुनाथराव पेशव्यांचा दत्तक मुलगा. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला, बाजीराव वसईला पळाला, आणि पुण्यात अमृतरावाच्या मुलाला, विनायकरावाला, पेशवा म्हणून पुढं केलं गेलं. पण बाजीरावानं वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांशी तह केला, आणि मे १८०३ मध्ये इंग्रजांनी त्याला परत गादीवर बसवलं. अमृतरावानं सालीना सात लाखांच्या नेमणुकीवर तडजोड केली आणि पुणं सोडलं ते कायमचं. मग बुंदेलखंडातलं करवी आणि ही काशी. इथं त्यानं जुना घाट दगडात नव्यानं बांधला, वर वाडा, देवळं. अमृतेश्वर आणि विनायकेश्वर या महादेवांच्या नावांत बापलेकांची नावं आजही ऐकू येतात.

मुळामुठेच्या काठचा माणूस गंगेवर आला आणि आपलं काही रुजवू बघत होता. दगड चुनारच्या बाजूचा, कारागीर इथले, नदी इथली. म्हणून हा घाट खोटा मराठी ठरत नाही. मूळ जिथल्या तिथं मिळालं नाही म्हणून माणसं ते नव्यानं लावतात, आणि लावताना जीव ओतला असेल तर दोनशे वर्षांनी त्यावर कुणीतरी निवांत बसू शकतं. अँडरसननं तेच केलं. डनफर्मलिन, एडिंबरा, ब्लॅकपूल, लंडन असं फिरलेल्या पोरानं स्वतःसाठी गाव पेरलं.

१९७८ चा 'हेवी हॉर्सेस' ऐकताना तर मला शंकाच राहत नाही. अल्बमचं शीर्षकगीत नांगराच्या घोड्यांवर आहे. शायर, क्लाइड्सडेल, सफोक या अवजड जातीचे घोडे, शतकानुशतकं इंग्लंडची जमीन नांगरलेले, ट्रॅक्टर आल्यावर काही दशकांत नाहीसे होत गेले. वेष्टनावर अँडरसन दोन घोड्यांना लगामाला धरून चाललेला दिसतो. गाण्याच्या मधल्या भागात लय खरोखर टापांसारखी जड होते, व्हायोलिन वर चढतं, आणि शब्द नीट कळले नाहीत तरी कळतं की कुणाला तरी निरोप चाललाय. पोळ्याला ज्यांच्या दावणीला आता मातीचे बैल उरलेत, त्या घरांतल्या माणसांना मी हे गाणं मुद्दाम ऐकवतो. माझ्या मामांनी ते ऐकलं होतं. मामांना इंग्रजी येत नाही. त्यांची खिल्लारी जोडी विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती. गाणं संपल्यावर त्यांनी "परत लाव" एवढंच म्हटलं.

महाराष्ट्राशी या बँडचं नातं नुसतं कॅसेटवरचं नाही. विलायती बँड आपल्याकडं क्वचित यायचे. १९८० च्या मार्चमध्ये द पोलीस हा बँड मुंबईत वाजवून गेला, त्याच्या गोष्टी पुढं कित्येक वर्षं पुरल्या. जेथ्रो टल मुंबईत आलं १९९४ साली. पुढच्याच वर्षी अँडरसनचा बासरीचा अल्बम आला, निरनिराळ्या धर्मांच्या वातावरणावर बांधलेल्या बारा रचनांचा, आणि त्यातल्या एकीच्या नावात 'बॉम्बे व्हॅलेंटाइन' आहे. त्याच वर्षीच्या टलच्या 'रूट्स टू ब्रँचेस'मध्ये बासरीचा सूर बदललेला ऐकू येतो. बोटं सुधारल्याचा तो परिणाम आहेच, पण पूर्वेकडच्या सुरावटीही त्यात शिरल्यात.

२००८ च्या नोव्हेंबरात टल पुन्हा भारतात होतं, या वेळी अनुष्का शंकरबरोबर. अनुष्काचे वडील पंडित रविशंकर जन्मले ते याच काशीत. मुंबईचा कार्यक्रम २९ नोव्हेंबरला ठरला होता. २६ तारखेला हल्ला झाला. कार्यक्रम रद्द झाला, पण अँडरसन आणि अनुष्का यांनी ५ डिसेंबरला तो पुन्हा घेतला, हल्ल्यात बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी. शहराच्या अंगावरचा धुरळा अजून बसला नव्हता, आणि एका विलायती बासरीवाल्यानं इथं उभं राहून वाजवलं. मुंबईकर हे विसरले नसतील असं मी धरून चालतो.

चाचांना मी यातलं थोडंफार सांगितलं. त्यांनी विचारलं, "अभी है ये आदमी?" है, म्हटलं. अजून वाजवतो. पण फुफ्फुसं गेलीत. २०२० मध्ये त्यानं स्वतः मुलाखतीत सांगितलं की आपल्याला फुफ्फुसाचा बरा न होणारा आजार आहे, आणि रंगमंचावर धूर सोडणाऱ्या यंत्रांपुढं पन्नास वर्षं उभं राहिल्याचा तो परिणाम असावा. मला त्या वेळी आठवलं की खरा जेथ्रो टलसुद्धा फुफ्फुसाच्याच दुखण्यावर उपाय शोधत युरोपभर हिंडला होता, आणि त्या हिंडण्यात त्यानं शेती बघितली होती. ते मी चाचांना सांगायच्या आधीच त्यांनी बासऱ्यांचा बांबू उचलला. दशाश्वमेधाकडं माणसांची रीघ लागायला सुरुवात झाली होती. आता गर्दी होईल, विक्री होईल, तिकडं नाही का जात, मी विचारलं.

"आरती में धुआँ बहुत होता है, भइया. फूँक खराब हो जाती है." आणि ते गर्दीकडं पाठ करून, आले होते त्याच बाजूला, नारद घाटाकडं चालू लागले. चार पायऱ्या गेल्यावर थांबले, एक बासरी काढली, आणि फुंकताना गळा लावून पाहिला. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा सूर फाटला, खरखरला, आणि तिसऱ्यांदा त्यात दाणा आला.